अप्रेंटिसला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांशी

"सात हजारांत काय होतं हो, सर?" आयटीआयचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो. दोन वर्षं फिटरचा किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, आता घरात चार पैसे यावेत, ही तुमची अपेक्षा अगदी रास्त आहे. अनेकांनी उसनवारी करून, शेतातले दोन हात कमी करून मुलाला शिकवलेलं असतं. शिल्पनिदेशक म्हणून मी या मुलांसोबत वर्कशॉपमध्ये उभा राहिलो आहे. त्यामुळे अप्रेंटिसला महिन्याला मिळणाऱ्या या सात हजारांविषयी तुमच्याशी मनापासून बोलावंसं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे, अप्रेंटिस कामगार नसतो, शिकाऊ असतो. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा तसं स्पष्ट म्हणतो. म्हणून त्याचा पीएफ कापला जात नाही, आणि तो दिसला नाही म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. मात्र काम करताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हेही त्याच कायद्यात आहे. 2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन ठरवलं: दहावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय झालेल्याला 7,000, डिप्लोमावाल्याला 8,000 रुपये. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. हे किमान आहे. कंपनी जास्त देऊ शकते, आणि चांगल्या कंपन्या देतातही. हे आकडे वाढवावेत अशी शिफारस 2025 मध्ये झाली आहे, तेव्हा करार करायच्या दिवशी सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या.

आता एक गोंधळ, ज्यावरून घरोघरी कुरबुर होते. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत बसणाऱ्या मुलाच्या विद्यावेतनातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार थेट त्याच्या खात्यात टाकतं. उरलेले कंपनी देते. म्हणजे पैसे दोन वाटांनी आणि वेगवेगळ्या तारखांना येतात. "कंपनीने दीड हजार कापले" अशी तक्रार घेऊन पालक आमच्याकडे येतात, आणि बऱ्याचदा बँक खातं आधारला जोडलेलंच नसतं. निघण्यापूर्वी एवढं काम उरकून घ्या.

आणि सही करण्याआधी कागद वाचा. मूल अठराच्या आतलं असेल, तर करारावर पालक म्हणून तुमचीच सही लागते. ती घाईत करू नका. खऱ्या अप्रेंटिसशिपचा करार पोर्टलवर नोंदलेला असतो. त्यात ट्रेडचं नाव, मुदत, विद्यावेतन, आस्थापनेचं नाव हे सगळं असतं. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठेही जा, गेटवर 'ट्रेनी' या नावाने मुलं भरणारे ठेकेदार भेटतील. त्यांच्याकडे असा करार नसेल, तर वर्ष संपल्यावर मुलाच्या हातात काहीच राहत नाही. राज्य सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजनाही वेगळी आहे. तिथेही दरमहा पैसे मिळतात, पण तिचं प्रमाणपत्र म्हणजे अप्रेंटिसचं राष्ट्रीय प्रमाणपत्र नव्हे.

हे झालं कागदाचं. माझा जीव अडकलाय तो कामात. आयटीआयमध्ये मुलगा लेथवर एक जॉब करतो, तो मार्कांसाठी. बिघडला तर दुसरा तुकडा घेतो. कंपनीत तोच जॉब गाडीत बसणार असतो. मायक्रोमीटर लावल्यावर एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक निघाला, तरी तो बाजूला काढला जातो, आणि का बिघडला याचं उत्तर द्यावं लागतं. टूल झिजलं होतं, की जॉब नीट पकडला नव्हता, की ड्रॉइंग वाचताना चूक झाली? हे शोधायला शेजारचा जुना ऑपरेटर शिकवतो. मशीनचा आवाज बदलला की हात आपोआप स्विचकडे जाणं, ही गोष्ट आम्ही फळ्यावर लिहून देऊ शकत नाही. ती वर्षभर मशीनजवळ उभं राहूनच अंगात मुरते.

म्हणून फोनवर "पैसे आले का?" याच्या आधी विचारा, "आज कुठल्या मशीनवर होतास? काय नवीन केलंस?" पहिल्या आठवड्यात साफसफाई, सामान उचलणं असेल, तर हरकत नाही, शॉपची ओळख तशीच होते. पण तीन महिने झाले आणि मुलगा अजून पॅकिंगच करतोय, तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या ट्रेनिंग विभागाशी बोला, मग शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयात जा. पत्ता जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये मिळेल. अप्रेंटिसला नगावर पैसे देऊन उत्पादनाला जुंपता येत नाही, आणि सल्लागाराच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइमही करवून घेता येत नाही. मुलं हे बोलायला बिचकतात. त्यांना वाटतं, काढून टाकतील. अशा वेळी तुम्ही पाठीशी असलं पाहिजे.

सहा-सात महिने झाले की ठेकेदार येतो. "इथे सात मिळतात, माझ्याकडे बारा देतो." मुलगा घरी विचारतो आणि घरचे म्हणतात, ये की मग. हे करू नका, मी हात जोडून सांगतो. वर्षअखेरची ट्रेड टेस्ट पास झाल्याशिवाय राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि अर्धवट वर्षाला तर काहीच किंमत नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल-1 च्या भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात. सर्वोच्च न्यायालयानेही 1995 मध्ये सांगितलं आहे की बाकी सगळं सारखं असेल, तर सरळ भरतीवाल्याआधी प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. नोकरीची हमी मात्र कायदा देत नाही. कुणी "वर्षाने पर्मनंट करतो" असं तोंडी म्हणालं, तर ते हिशेबात धरू नका.

मुलींच्या पालकांना वेगळं सांगतो. मुलगी इलेक्ट्रिशियन किंवा मशिनिस्ट झाली आणि तुम्ही तिला अप्रेंटिसला न पाठवता घरी बसवली, तर तिची दोन वर्षं तुम्हीच वाया घालवलीत. बस, वसतिगृह, शिफ्टच्या वेळा हे सगळं कंपनीत जाऊन स्वतः बघा, खात्री करा, पण पाठवा.

पैशांचं खरं सांगायचं तर परगावी खोलीचं भाडं आणि मेस यांतच सात हजार जवळपास संपतात. कंपनीचं कँटीन आणि बस आहे का, हे आधी विचारा; त्यावर महिन्याचा बराच हिशेब अवलंबून असतो. तरीही हे एक वर्ष मुलाकडून घरखर्चाची अपेक्षा ठेवू नका, जमलं तर दोन हजार तुम्हीच पाठवा. आणि बहिणीच्या लग्नासाठी सुट्टी मागताना ट्रेड टेस्टची तारीख त्याला आधी विचारून घ्या.