एकाच आव्यात लाल मडकी, काळी मडकी

प्रश्न : आमच्या गरौठ्यात (जि. झाशी) एकाच मातीची, एकाच आव्यात भाजलेली मडकी काही लालभडक निघतात, काहींवर काळे डाग पडतात, काही तडकतात. असे का?

उत्तर : रंग ठरवते ती हवा. भाजताना मातीतल्या लोहाला भरपूर प्राणवायू मिळाला, की मडके लाल होते. जिथे ते राखेत दबले किंवा धुरात कोंडले, तिथे काळा डाग उमटतो. उघड्या आव्यात वारा फिरला की कुंभाराचा हिशेबही फिरतो.

आझमगढ जिल्ह्यातल्या निजामाबादचे कुंभार हाच ‘दोष’ मुद्दाम घडवतात. भट्टीत धूर कोंडून भांडी काळी करायची आणि कोरलेल्या नक्षीत रुपेरी धातूची पूड भरायची, ही तिथली रीत. या भांड्यांना २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तडकण्याचे कारण वेगळे. ओल राहिली तर वाफ कोंडून मडके सुरुवातीलाच फुटते. शिवाय मातीतले गारगोटीचे कण ५७३ अंश सेल्सिअसला एकदम फुगतात आणि निवताना तिथेच आकसतात. आवा घाईने उघडणे म्हणूनच महागात पडते. मडकी आधी सावलीत, मग उन्हात खडखडीत वाळवावीत. पहिला जाळ मंद हवा.

डागांचे म्हणाल, तर शहरी गिऱ्हाईक हल्ली तेच निवडून घेते.