मुलगी यूपीएससी करते म्हणाली, तर आई आणि गटाने काय पाहावं?



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही बंद केली, तेव्हा एका ताईंनी हळूच विषय काढला. "पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. यूपीएससी करायची म्हणते. क्लासवाले दीड लाख मागतायत. गटातून कर्ज मिळेल का?"

एक जण म्हणाली, "द्या की, आपल्यातली एक तरी साहेब होऊ दे." दुसरी म्हणाली, "आणि दोन-तीन वर्षं जाऊन नाही झालं तर? हप्ता कोण भरणार?" दोघींचंही म्हणणं खरं होतं. म्हणूनच या वेळचा हा धडा.

ही परीक्षा आहे तरी काय?

दाखल्याच्या, योजनेच्या कामाला आपण बेलापूरला कोकण भवनात जातो. त्याच बेलापुरात सेक्टर 11 मध्ये एमपीएससीचं, म्हणजे राज्याच्या लोकसेवा आयोगाचं कार्यालय आहे. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार ही पदं तो आयोग भरतो. यूपीएससी म्हणजे केंद्राचा आयोग, तो दिल्लीला. आयएएस, आयपीएस अधिकारी त्याच्या परीक्षेतून निवडले जातात.

परीक्षेचे तीन टप्पे असतात. पूर्व परीक्षेत खुणा करायचे दोन पेपर. मुख्य परीक्षेत लिहायचे नऊ पेपर. शेवटी दिल्लीला मुलाखत. फॉर्म भरल्यापासून निकाल लागेपर्यंत वर्षाहून जास्त काळ जातो. पूर्व परीक्षेत नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फॉर्मच्या आधी हे तपासा

1. कुठल्याही शाखेची पदवी चालते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही चालते. शेवटच्या वर्षाची मुलगी पूर्व परीक्षा देऊ शकते.

2. परीक्षेच्या वर्षी 1 ऑगस्टला वय 21 पूर्ण हवं. खुल्या गटाला 32 वर्षांपर्यंत आणि 6 वेळा परीक्षा देता येते. ओबीसींना वयात 3 वर्षांची सूट आणि 9 संधी. अनुसूचित जाती-जमातींना 5 वर्षांची सूट, आणि वय आहे तोवर संधींना मर्यादा नाही.

3. फी 100 रुपये आहे, पण महिलांना ती माफ आहे. फॉर्म भरून देणारा "परीक्षा फी" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

4. ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. हे आधीच तहसीलला विचारून घ्या.

5. पूर्व परीक्षेच्या केंद्रांत नवी मुंबईही आहे. पण जो आधी अर्ज करेल त्याला आधी केंद्र मिळतं. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलात तर पोरीला लांबच्या शहरात जावं लागेल, आणि सोबत तुम्हालाही.

मराठीतून जमेल का?

हा प्रश्न सगळ्या आया विचारतात. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. मराठी साहित्य हा विषयही घेता येतो. मात्र पूर्व परीक्षेचा पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत येतो. मुख्य परीक्षेत इंग्रजीचा एक पेपर पास व्हावाच लागतो. म्हणून लिहायला मराठी असली तरी वाचायला इंग्रजी रोज हवं. आजपासून अर्धा तास, चुकत-माकत का होईना.

आणखी एक गोष्ट. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात 100 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. एक उत्तर चुकलं की त्याच्या गुणांचा तिसरा हिस्सा कापतात. 50 बरोबर आणि 30 चूक असतील, तर 100 मधून साधारण 20 जातात आणि उरतात 80. ठोकताळ्याने खुणा करणाऱ्याचं नुकसान होतं.

आता पैशाचं बघू

दीड लाख घ्यायच्या आधी फुकट मिळतं ते घ्या. सहावी ते बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवता येतात. बालभारतीचीही मिळतात. मागच्या वर्षांचे पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. मुंबईत राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था ही सरकारी संस्था आहे. तिथे प्रवेश परीक्षा देऊन निवड झाली की मोफत प्रशिक्षण मिळतं. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजघटकांतल्या मुलामुलींना प्रशिक्षणासाठी मदत करतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तारीख गेली की वर्ष गेलं.

तरीही कर्ज लागलंच, तर हिशोब मांडा. गटाचं व्याज महिना 2 टक्के धरलं तर दीड लाखावर पहिल्या महिन्याचं व्याजच 3,000 रुपये. हा हप्ता आईच्या आजच्या कमाईतून जाणार असेल तरच कर्ज घ्या. "पोरगी लागली की फेडू" या भरवशावर गटाचा पैसा देऊ नका. त्यात बाकीच्या नऊ जणींची बचत आहे.

गटाच्या कर्जाने कुणाचं भलं झालंच नाही, असंही नाही. बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप यांच्या आई बांगड्या विकायच्या. रमेश यांनी आधी डी.एड. केलं, शिक्षकाची नोकरी धरली, मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली. मग आईने गावातल्या बचत गटाकडून कर्ज काढून त्यांना अभ्यासाला पाठवलं. 2012 साली ते आयएएस झाले. क्रम लक्षात घ्या: आधी पोटापाण्याची सोय, मग मोठी उडी. आपल्या पोरींनीही सोबत एमपीएससी, बी.एड., बँक असा एक रस्ता उघडा ठेवावा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून लेखी पद्धतीची झाली आहे, त्यामुळे दोन्हींचा अभ्यास बराचसा एकच होतो.

घरातून काय द्यायचं?

पैशापेक्षा जास्त लागतो तो वेळ. मुलगा अभ्यासाला बसला की आपण टीव्ही बंद करतो. मुलगी बसली की "जरा पोळ्या लाटून जा" म्हणतो. रोजचे सलग चार तास तिचे ठरवून द्या. आणि किती वर्षं, किती प्रयत्न, हे तिच्यासोबत बसून आधीच ठरवा. मुदत ठरलेली असली की पाहुण्यांना उत्तर देणं सोपं जातं, आणि तिलाही रोज धाक वाटत नाही. मुदत संपली तर तिला अपयशी म्हणू नका. वाचलेलं वाया जात नाही.

आमच्या बैठकीत काय ठरलं? दीड लाख नाही. पुस्तकं आणि अभ्यासिकेच्या फीसाठी 12,000 रुपये, एका वर्षाच्या हप्त्यांनी. पूर्व परीक्षा पास झाली तर पुढचा विचार पुन्हा करायचा. ताई आधी थोड्या हिरमुसल्या. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "संध्याकाळचं पाणी आता तिचा भाऊ भरतो. कुरकुर करतो, पण भरतो."

पुढच्या बैठकीत बोला

- आपल्या गटात शिकणाऱ्या मुली किती? त्यांची पदवी कधी पूर्ण होते?
- त्यांचे जातीचे, उत्पन्नाचे दाखले तयार आहेत का?
- शिक्षणासाठी कर्ज द्यायचं तर किती आणि कुठल्या अटीवर? ठराव लिहून ठेवा.
- गावात दिवा, पंखा आणि शांतता असलेली एक खोली अभ्यासासाठी मिळेल का? ग्रामसभेत मागा.