प्रत्येकाची स्वतंत्र पेटी
वसतिगृहात जशी प्रत्येकाची पेटी, तशी लिनक्स संगणकावर ‘होम’खाली प्रत्येकाच्या नावाची निर्देशिका असते. ‘अ‍ॅडयुजर’ ही आज्ञा खाते व निर्देशिका निर्माण करते. ‘सीएचमॉड ७००’ केल्यावर ती विद्यार्थ्याखेरीज केवळ सर्वाधिकारी ‘रूट’ उघडू शकतो. विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर ‘युजरडेल’ ही आज्ञा फक्त खाते काढते. तिला ‘आर’ हा पर्याय जोडल्यास निर्देशिकाही नष्ट होते. कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीतील आजीची हकीकत नातवाने तेथेच प्रथम लिहून ठेवलेली असू शकते. लेखणी उशिरा हाती आलेल्या समाजात असा दस्तऐवज दुर्मीळ होय. म्हणून प्रथम निर्देशिकेची प्रत विद्यार्थ्यास द्यावी, मिळाल्याची सही घ्यावी आणि मगच खाते मिटवावे.