मांड पक्की, हात हलका

घोडा अडेल आहे, अशी माझी तक्रार होती. उस्तादांनी रिकिबी काढल्या, घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवले आणि मला लगाम सोडायला लावला. दुडकी चाल सुरू होताच माझा तोल गेला. तेव्हा उमगले, आजवर मी लगामाच्या आधाराने तोल सांभाळत होतो आणि त्याचे लोखंड घोड्याच्या तोंडात रुतत होते.

कान, खांदा, कंबर व टाच एका उभ्या रेषेत असावीत. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन यानेही खुर्चीत बसल्यासारखे नव्हे, तर पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे बसावे, असेच सांगितले आहे. जाणत्याने दोरी धरली असता रोज थोडा वेळ रिकिबीविना सराव करावा. मांड स्थिरावली की हात आपोआप हलका होतो.

मित्रहो, घोड्याला दोष देण्यापूर्वी आपली मांड तपासावी.