जुनी गिटार की नवी?

प्रश्न : हल्लीच्या इलेक्ट्रिक गिटारींना जुन्यांसारखी मजबुती नाही, असं ऐकतो. जुनी शोधू का? – एक वाचक, बालाघाट

उत्तर : नवीच घ्या. जुन्यांतल्या चांगल्या तेवढ्या टिकल्या, भिकार होत्या त्या कधीच भंगारात गेल्या. म्हणून जुनं ते सोनं वाटतं. 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर ही गिटार कंपनी विकत घेतली, आणि पुढे दर्जा घसरला. सत्तरच्या दशकातल्या फेंडरच्या कित्येक गिटारींत नेक आणि बॉडीच्या जोडात चक्क फट दिसते. आणि आज त्याही महागड्या किमतीला विकल्या जातात! आता लाकूड संगणकावर चालणारं यंत्र कापतं, त्यामुळे स्वस्त गिटारीचाही जोड घट्ट बसतो. कंपन्या हात आखडतात तो खुंट्या, स्विच आणि फ्रेटच्या टोकांवर. दुकानात नेकच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहा. टोचलं, तर दुसरी मागा.

बालाघाटचा मे कोरडा, पावसाळा ओलाचिंब. उन्हाळ्यात लाकूड आटून फ्रेटची टोकं बाहेर येतात, पावसात नेक हलते. ती सरळ करायला नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेराच फिरवा. घरात जुनी पडून असेल, तर मात्र विकू नका. नवे फ्रेट बसवून घ्या.