निजामांचे विमान आणि लंडनचे मित्र

दोन वर्षे ई-मेलवर भेटणारे लंडनचे मराठी मित्र डिसेंबरच्या सुटीत हैदराबादला आले आणि एका शनिवारी आमच्या आठवीच्या वर्गात येऊन बसले. पहिली दहा मिनिटे कोणीच बोलेना. पत्रांतून भरभरून लिहिणारी मुले समोरासमोर आली की अशी लाजतात! चहा आणि उस्मानिया बिस्किटे आल्यावर तोंडे उघडली. आमच्या मुलांचे 'हौ' आणि 'नक्को' ऐकून पाहुण्यांना हसू आवरेना.

त्यांनी एका विमानाचे मोठे छायाचित्र आणले होते. लंडनच्या हेंडन भागातील रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात ते त्यांनी स्वतः पाहिले होते. 'डीएच ९ए' जातीचे, एफ १०१० क्रमांकाचे हे विमान १९१८ सालचे. वरखाली दोन पंख, लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड, ४०० अश्वशक्तीचे लिबर्टी इंजिन. माणसे दोनच : पुढे वैमानिक, मागे बंदूक घेतलेला निरीक्षक. आणि अंगावर इंग्रजी अक्षरे, हैदराबादच्या निजामांकडून भेट!

सातवे निजाम उस्मान अली खान यांनी पहिल्या महायुद्धात दिलेल्या पैशांतून ११० क्रमांकाच्या तुकडीला अशी विमाने मिळाली, म्हणून तिला 'हैदराबाद' हे नाव पडले. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी हे विमान जर्मनीवर बॉम्बफेकीला गेले ते परतलेच नाही. आतले दोघे कैद झाले. विमान मात्र बर्लिनच्या संग्रहालयात पोहोचले, पुढे पोलंडला गेले आणि १९७७ साली एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात इंग्लंडला परत आले.

आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा त्या दिवशी मुद्दाम आले होते. मूळचे उस्मानाबाद जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे. छायाचित्र निरखून ते म्हणाले, "पोरांनो, निजामांनी दिलं खरं, पण सारा आमच्या आज्यानं भरला होता."

मग आम्ही फळ्यावर जुन्या संस्थानाचा नकाशा काढला. सोळा जिल्हे : आठ तेलुगू, तीन कानडी आणि पाच मराठी. त्याच १९१८ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे ओस पडली, हे आम्ही सांगितले तेव्हा वर्ग शांत झाला. लंडनची एक मुलगी म्हणाली, "आम्ही फक्त निजामांचं नाव वाचून पुढे गेलो." यात तिची काय चूक? आम्हीही इतकी वर्षे हेच शिकवत आलो.

सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने याच निजामांच्या संस्थानावर आली, तो धडा पुढच्या महिन्यात घेऊ. त्या विमानांचे आवाज ऐकलेले कोणी आपल्या घरी असतील तर मुलांनी विचारून लिहून आणावे. लंडनलाही पाठवायचे कबूल केले आहे.

छायाचित्र वर्गात लावले आहे. कोणीतरी त्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. आम्ही ते पुसलेले नाही.