पाटी घराची, प्रमाणपत्र कुणाच्या नावावर?



मच्छे, पिरनवाडी, बेळगाव भागात रस्त्याकडेला मासळी विकणाऱ्या घरांसाठी आजचा धडा. पाटीवर आज नवरा, उद्या बायको, सुट्टीला मुलगा बसतो. पण कागद एकाच्याच नावावर असतो. त्या माणसाचं काही झालं तर पुढं काय?

पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. तो महानगरपालिका, नगरपालिका, नगर पंचायत आणि कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत लागतो. बांधलेल्या मार्केटातल्या गाळ्याला नाही. तिथं भाडेकरार बघायचा.

1. रोजची जागेची पावती म्हणजे परवाना नव्हे. सर्वेक्षणात नाव लागून विक्री प्रमाणपत्र मिळायला हवं. पावत्या मात्र जपून ठेवा, जुने विक्रेते असल्याचा पुरावा म्हणून दाखवता येतात. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, असं कलम 3 सांगतं.

2. प्रमाणपत्रवाल्यानं स्वतः किंवा घरच्या माणसानं धंदा करायचा. जागा भाड्यानं दिली, दुसऱ्याला विकली, तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. "दोन महिने पाव्हण्याला दिली" हेसुद्धा यातच आलं.

3. प्रमाणपत्रवाला वारला, आजारी पडला किंवा कायमचा अपंग झाला, तर आधी नवरा किंवा बायको, मग अवलंबून असलेलं मूल त्या जागी बसू शकतं. पण मुदत संपेपर्यंतच! भाऊ, दीर, सून यांचं नाव त्या यादीत नाही. म्हणून पाटी खरोखर मावशीच चालवत असतील, तर अर्ज त्यांच्याच नावानं करा.

4. माल जप्त केला तर तिथंच यादी मागा. नाशवंत माल मागणी केल्याच दिवशी सोडायचा असतो, शुल्क भरून. मासळी संध्याकाळपर्यंत थांबत नाही, म्हणून लगेच अर्ज द्या.

5. जागा हलवायची तर 30 दिवसांची नोटीस लागते. नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात, त्यात एक तृतीयांश महिला. तिथं आपलं माणूस हवं.

आज घरी गेल्यावर कागद काढा. नाव कुणाचं, मुदत कधीपर्यंत, एवढं बघा. मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरणाला उशीर नको.